तळघरातली कण्हेर

कुणाला कशाची किळस वाटेल, काही सांगता येत नाही. नोटबुर्गा शेतकऱ्याची पोर. माहेरी असताना अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून तिने वासरू ओढून काढलं होतं. डुक्कर कापलं की आतडी उलटी करून धुवायचं काम तिचंच असायचं, आणि तेच हात साबणाने धुऊन ती पावाला चरबी लावून खायला बसायची. पण सासरच्या कण्हेरींचं नाव काढलं की ती हातातला घास खाली ठेवायची.

सासर म्हणजे इटलीच्या सीमेपलीकडे, उत्तरेच्या थंड मुलखातल्या एका गावातली एकुलती एक खाणावळ. खाली बिअर आणि जेवण, वर चार भाड्याच्या खोल्या. रस्त्याच्या बाजूला, पायऱ्यांच्या दोन्ही कडांनी, बिअरच्या जुन्या पिंपांचे अर्धे कापलेले टप आणि त्यांत पुरुषभर उंचीच्या कण्हेरी. सासूबाई क्रेझेंझ लग्नानंतर नवऱ्याबरोबर इटलीतल्या तळ्याकाठी फिरायला गेल्या होत्या. तिथल्या कुणाच्या तरी कुंपणावरची एक फांदी मोडून, ओल्या रुमालात गुंडाळून त्यांनी पर्समधून आणली. त्या एका फांदीचं हे सगळं गोत. उन्हाळ्यात गुलाबी फुलांनी दार झाकून जायचं. मोटारीतून जाणारे लोक थांबून फोटो काढायचे. क्रेझेंझ तेव्हा मुद्दाम दारात येऊन उभ्या राहायच्या.

"सगळं माझ्या हाताचं आहे हो," त्या म्हणायच्या.

हात नोटबुर्गाचे होते. घरात तिला बुर्गी म्हणत.

शरद ऋतू संपत आला की तिचे हाल सुरू व्हायचे. कण्हेर थोडी थंडी सोसते, पण मातीच गोठली की संपली. म्हणून जमेल तितके दिवस बाहेर ठेवायची आणि कडक थंडी यायच्या आत तळघरात न्यायची. आत नेण्याआधी पानन् पान पुसायचं, कारण पानांच्या मागे खवले कीड. तपकिरी, चपटी, मेलेल्या नखासारखी. नखाने उचकटली की खालून पिवळट पाणी यायचं. तिच्या चिकट्याने पानं, टप, पायऱ्या, सगळं चिकचिकीत व्हायचं, आणि त्या चिकट्यावर काळी काजळी धरायची. बुर्गी साबणाचं पाणी आणि स्पिरिट घेऊन फडक्याने पुसत बसायची. फडकं काळं, बोटं काळी, नखांत खवले. शेजारी स्टुलावर सासूबाई.

"मागच्या बाजूने पूस. अगं, तिथे नाही, त्याच्या वर. डोळे कुठे आहेत तुझे?"

"डोळे इथेच आहेत, आई. हात दोनच आहेत."

"माझ्या सासूने मला असं बोलू दिलं नसतं."

"तुमच्या सासूच्या वेळेला कण्हेर नव्हती."

तळघर आणखी वाईट. अर्ध्या भागात बटाटे, अर्ध्या भागात कण्हेरी, मध्ये आंबलेल्या बिअरचा वास. एका वर्षी टपातल्या मातीत उंदरीण व्याली होती. बुर्गीने पाणी घातलं तेव्हा वर आली ती गुलाबी, केस नसलेली पिल्लं. त्या दिवशी तिने जेवणाला हात लावला नाही, आणि गिऱ्हाइकांना मात्र डुकराचं भाजलेलं मांस आणि बटाट्याचे गोळे वाढावेच लागले.

एकदा इटलीची खेप करून आलेला एक ट्रक ड्रायव्हर जेवायला बसला होता. खिडकीतून कण्हेरी बघून तो मोठ्याने हसला. "वहिनी, एवढे लाड? तिकडे हायवेच्या मधोमध वाढते ही. धूर खाते, डिझेल पिते. कुणी वाटीभर पाणी घालत नाही."

बुर्गीने त्याच्यापुढे कोबीची ताटली आपटली. "मग जाताना चार टप घेऊन जा. तिकडेच सोड."

तिचा नवरा एंगलबर्ट माणूस वाईट नव्हता, असं सगळेच म्हणायचे. हसरा, ढिला, कुणाला नाही न म्हणणारा. तोही टप ढकलगाडीवर चढवायला मदत करायचा, पण त्याचं प्रत्येक काम शेवटच्या पावलाशी अडायचं. टप आत आला की गाडी दारातच. भिंत रंगवली की ब्रश डब्यातच वाळलेला. बुर्गी त्याच्या मागून फिरत उरलेलं आवरायची. सुरुवातीला तिला त्याचं हसू यायचं. पुढे पुढे तो ओठांवरचा बिअरचा फेस जिभेने चाटायचा ते बघूनही ती मान फिरवायला लागली.

त्या वर्षी कण्हेरी तळघराच्या दारातून आत जाईनात. गेली कित्येक वर्षं क्रेझेंझ छाटणी करू देत नव्हत्या. "पुढच्या वर्षीच्या कळ्या त्याच शेंड्यांवर असतात," हा त्यांचा मंत्र. झुडपं पसरत पसरत अखेर दरवाजापेक्षा रुंद झाली. आणि नेमकं रेडिओवर सांगितलं, उद्यापासून कडक थंडी. सासूबाईंचा धीर सुटला.

"काप रे बाबा, काप! गेल्या तर सगळ्याच जातील."

एंगलबर्टने दुपारपासून गिऱ्हाइकांबरोबर बऱ्याच बिअर घेतल्या होत्या. तो करवत घेऊन सुटला. बुर्गी खाली तळघरात टप ओळीने लावत होती. वर येऊन पाहते तर अंगणात फांद्यांचा ढीग, पांढरट चीक गळतोय, आणि नवरा हातमोज्यांनीच नाक पुसतोय.

"ते हात तोंडाला लावू नकोस. विष आहे ते," ती म्हणाली. "आणि हे सगळं कचरा डेपोवर नेऊन टाक. आजच."

"नेतो गं."

संध्याकाळी अंगण साफ होतं. मोटार मात्र जागची हललेली दिसली नाही. तिच्या चाकांखालची वाळकी पानं तशीच होती.

"फांद्या कुठे टाकल्यास?"

"टाकल्या."

"कुठे?"

"टाकल्या म्हटलं ना! तुला काय, पावती आणून दाखवू?"

बुर्गी दमली होती. बोटांना स्पिरिटचा वास येत होता. तिने पुढे विचारलं नाही.

खाणावळीच्या मागे भिंत आणि भिंतीपलीकडे कोर्बिनियान नावाच्या शेतकऱ्याचं कुरण. त्याच्या कालवडी शेवटच्या गवतावर अजून बाहेरच होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांतली एक पाय झाडत आडवी झाली. संध्याकाळपर्यंत दुसरी. तिसरी अडखळत चालत होती, ती कशीबशी वाचली. गुरांच्या डॉक्टरने मेलेल्या कालवडीचं पोट फाडलं. आत लांब, जाड, चिवट पानं निघाली.

कोर्बिनियान रात्री खाणावळीत, गावातली नेहमीची मंडळी बसायची त्या बैठकीच्या टेबलावर आला तेव्हा त्याच्या बुटांना अजून माती होती. त्याने टोपी काढली नाही.

"कण्हेर," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाला, कण्हेर. कुणीतरी माझ्या कुरणात टाकली."

 बुर्गी काउंटरमागे ग्लास धुवत होती. तिने एंगलबर्टकडे पाहिलं. तो एकच ग्लास पुसत होता, मघापासून तोच.

"कण्हेर काय," एंगलबर्ट म्हणाला, ग्लासाकडे बघतच, "क्विरिनकडेही आहे की."

कोपऱ्यात विणत बसलेल्या क्रेझेंझनी सुई न थांबवता भर घातली. "आणि तो सगळंच भिंतीवरून फेकतो. बायको गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही त्याचं. परवा मांजरींचं काहीतरी फेकताना पाहिला मी."

क्विरिन म्हणजे गावचा जुना पोस्टमन. कुरणाच्या दुसऱ्या अंगाला एकटा राहायचा. त्याच्याकडे एकच कण्हेर होती, पांढऱ्या फुलांची, त्याच्या बायकोने लावलेली. हिवाळ्यात तो ती कपडे धुवायच्या जुन्या खोलीत ठेवायचा. माणूस तुसडा. निवृत्त होईपर्यंत त्याने दारोदार पत्रांबरोबर चार कडू शब्दही पोचवले होते. त्याच्या बाजूने बोलायला टेबलावर कुणी नव्हतं. बिअरची दुसरी फेरी यायच्या आत क्विरिनने फांद्या टाकल्या हे ठरून गेलं. तिसऱ्या फेरीपर्यंत ते कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलंही निघालं.

अंथरुणात बुर्गीने विचारलं, "एंगलबर्ट, खरं सांग."

"झोप."

"तू टाकल्यास."

"तू पाहिलंस?" तो पाठ फिरवून म्हणाला. "नाही ना? मग झोप."

नंतर क्विरिनला बेकरीत पाव मिळायचा, पण नमस्कार मिळेनासा झाला. बैठकीच्या टेबलाशी असलेली त्याची खुर्ची भिंतीकडे सरकवून ठेवली गेली. आणि ख्रिसमसच्या आधी, गोठवणाऱ्या थंडीच्या आठवड्यात, त्याच्या त्या धुण्याच्या खोलीची काच कुणीतरी दगड मारून फोडली. त्या दिवसांत क्विरिन खोकला होऊन पडून होता. मागच्या बाजूला तो गेलाच नाही. गेला तेव्हा कण्हेरीची माती दगडासारखी झाली होती आणि पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती.

खाणावळीत ही गोष्ट कुणीतरी हसत सांगितली. एंगलबर्टही हसला. ओठ चाटत हसला. बुर्गीच्या हातात रस्सा वाढायचा डाव होता. तो तिने भांड्यात सोडून दिला आणि पाणी घालायच्या निमित्ताने तळघरात उतरली.

हिवाळ्यात कण्हेरींना पाणी अगदी बेताचं, माती भुरभुरीत होऊ नये एवढंच. ती एकेका टपात बोट खुपसून बघत शेवटच्या टपाशी आली, आणि मागे भिंतीशी कोंबलेलं पोतं तिला दिसलं. बटाट्यांचं नव्हतं. तिने तोंड सोडलं. आत कण्हेरीच्या फांद्या. काहींची पानं ओरबाडलेली, काही चघळलेल्या, आणि चघळलेल्या टोकांवर कालवडींची वाळलेली लाळ, तिच्यात गवताच्या काड्या चिकटलेल्या. म्हणजे जनावरं मेली हे कळल्यावर तो कुरणात गेला होता. उरलेलं वेचून आणलं होतं. जाळलं तर धूर दिसला असता, डेपोवर नेलं तर रखवालदाराने पाहिलं असतं. म्हणून इथे. आयुष्यात पहिल्यांदाच हाती घेतलेलं काम त्याने शेवटपर्यंत नेलं होतं.

गाईची लाळ बुर्गीला नवी नव्हती. तरी ती बटाट्यांच्या ढिगाशी वाकली आणि पोटातलं सगळं बाहेर आलं.

वर येऊन तिने सासूला विचारलं. स्वयंपाकघरात दोघीच होत्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

क्रेझेंझ अक्रोड फोडत होत्या. "काय?"

"पोतं."

"हे बघ बुर्गे," त्या शांतपणे म्हणाल्या, "खाणावळ चालते ती लोकांच्या तोंडावर. कोर्बिनियानच्या मुलीचं लग्न आपल्याकडे व्हायचंय. क्विरिनचं काय जातंय? त्याला तसंही कुणी विचारत नव्हतं."

"त्याची कण्हेर गेली."

"एक गेली ना? माझ्या तर सगळ्या जगल्या." आणि सासूबाईंनी अक्रोडाचा एक तुकडा तोंडात टाकला.

बुर्गी त्या चावणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत पानांमागचे जे खवले ती नखाने उचकटत आली होती, ते आता तिला माणसांवर दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती क्विरिनकडे गेली. मनात कुठेतरी असं होतं की तिथे तरी तिला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. घरात मांजरांच्या मुताचा वास, टेबलावर चरबी थिजलेली ताटली, आणि क्विरिन दाढी वाढवून, बायकोची लोकरीची शाल कमरेला बांधून बसलेला. त्याने तिला बसही म्हटलं नाही.

"काय आहे?"

"क्विरिनकाका, ते आमच्याकडून झालं. एंगलबर्टने टाकलं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"माझं एकच झाड. त्याला करवत लागलेलीच नव्हती. डोळे असलेल्या कुणालाही कळलं असतं." तो खोकला आणि त्याने रुमालात थुंकी टाकली. "मी कोर्बिनियानला म्हटलं, ये, बघ, मोज फांद्या. तो म्हणाला, जाऊ दे क्विरिन, झालं ते झालं."

 "मी तुम्हाला आमच्यातली एक फांदी आणून देते. लावायला."

"त्या घरचं पानही नको मला." क्विरिन उठला आणि दार उघडून धरलं. "आणि कीव करायची असेल तर घरी जाऊन कर. इथे थंडी आत येते."

तीही तशीच रागावून बाहेर पडली. वाटेत ती त्याच्यावर चिडली, त्या वासावर चिडली, आणि स्वतःवर तर फारच.

रविवारी चर्चमधून सगळे पुरुष सरळ बैठकीच्या टेबलावर आले. पांढऱ्या वाफाळत्या सॉसेजची भांडी, गोड मोहरी, बिअर. बुर्गी तळघरातून पोतं घेऊन वर आली आणि टेबलाच्या मधोमध तिने ते उलटं केलं. वाळक्या फांद्या सॉसेजवर, ग्लासांत, कोर्बिनियानच्या मांडीवर पडल्या.

"खाऊ नका," ती म्हणाली. "तुमच्या कालवडींचं उष्टं आहे. आमच्या तळघरात होतं."

एंगलबर्ट काउंटरमागून धावत आला. "डोकं फिरलंय तुझं? घरातली लक्तरं वेशीवर टांगतेस?"

"वेशीवर नाही. टेबलावर."

तिला वाटलं होतं आता आरडाओरडा होईल. कुणीतरी उठेल, एंगलबर्टची गचांडी धरेल. निदान कोर्बिनियान तरी. पण कोर्बिनियानने मांडीवरची फांदी दोन बोटांनी उचलून खाली ठेवली, आणि हळूच म्हणाला, "बुर्गे, हे असं सगळ्यांसमोर कशाला? मला एकट्याला सांगितलं असतंस."

"तुम्हाला माहीत होतं."

त्याने मांडीवर उरलेली पानं झटकली.

तिने एकेकाकडे पाहिलं. बेकरीवाला मोहरीच्या भांड्यात बघत होता. गवंडी मिशी पुसत होता. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. लाज होती, पण ती तिने पोतं उलटं केल्याची. खोटं सगळ्यांनी मिळून वाढून घेतलं होतं, आणि तिने ताटात केस दाखवावा तसं झालं होतं.

"सॉसेज गार होतील," कुणीतरी पुटपुटलं.

बुर्गीने एप्रन सोडला, काउंटरवर ठेवला आणि वर जाऊन बॅग भरली. दुपारच्या बसने ती तालुक्याच्या गावी बहिणीकडे गेली. काही दिवसांत तिला तिथल्या वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. म्हाताऱ्यांचे नकली दात, सांडलेलं सूप, लघवीचा वास, यांतलं काहीच तिला खटकलं नाही. बहीण म्हणायची, "इथे कसं चालतं गं तुला?" बुर्गी म्हणायची, "इथे घाण असते तिला घाणच म्हणतात."

गावाकडच्या बातम्या कोर्बिनियानची बायको बाजारात भेटली की सांगायची. लग्न ठरल्याप्रमाणे खाणावळीतच झालं. कालवडींची भरपाई एंगलबर्टने गुपचूप देऊन टाकली. कण्हेरींकडे त्या हिवाळ्यात क्रेझेंझनी स्वतः बघितलं. त्यांना वाटलं, झाडांना थंडी वाजते. म्हणून तळघरात शेगडी पेटवून ठेवली आणि रोज पाणी. ऐन जानेवारीत कण्हेरींना फिकट, लांबट, आजारी फुटवा आला आणि त्यावर मावा-खवले असे माजले की जिन्यापर्यंत चिकटा. खालून मुळं कुजली. वसंतात त्यांतल्या निम्म्या बाहेर आल्या, त्याही दांडक्यांसारख्या. क्रेझेंझ लोकांना सांगत, "सुनेने पाण्यात काहीतरी घातलं."

ईस्टरनंतर एंगलबर्ट वृद्धाश्रमाच्या मागच्या दाराशी येऊन उभा राहिला. स्वच्छ शर्ट, भांग पाडलेला.

"घरी चल, बुर्गे."

"कशाला?"

"मी चुकलो. मला वाटलं, आपोआप मिटेल."

"आणि क्विरिन?"

"त्याचं काय करू मी आता? झाड तर मेलं."

बुर्गीने त्याच्याकडे नीट बघितलं. तो खरंच कष्टी दिसत होता.  "एंगलबर्ट, मला तुझा राग आला असता तर मी परत आले असते. राग जातो. मला तुझी किळस येते. ती कशाने जाते, मला माहीत नाही. मी खूप साबण वापरून पाहिलाय."

तो निघून गेला.

जूनमध्ये कोर्बिनियानची बायको पुन्हा भेटली. तिने बुर्गीला भाजीच्या गाडीआड ओढलं. "तुला ठाऊक आहे का? तुझा नवरा क्विरिनकडे गेला होता. काच घेऊन. ती फुटलेली खिडकी बसवून आला. दिवसभर खपला, चौकट पण घासली."

"क्विरिन काय म्हणाला?"

"काही नाही. बाजूला उभा राहून बघत होता. पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी म्हणाला म्हणे, आता काच बसवून काय उपयोग, आत ठेवायला काय उरलंय? तरी एंगलबर्टने बसवली. काचेच्या कडेने पुटी लावली, पुसली, खाली पडलेले तुकडे वेचले आणि मग गेला."

"तुकडे वेचले?"

"हो. मी स्वतः पाहिलं." बाई तिच्या तोंडाकडे बघत होती. "मग? जाणार का परत?"

बुर्गी मुळ्यांची जुडी उचलून बघत होती. एका मुळ्याला अळीने पोखरलं होतं. तिने ती जुडी परत ठेवली आणि दुसरी घेतली.

"नाही," ती म्हणाली. "पण बरं झालं, बसवली ते."